तुटलेलं वाक्य टिपून ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलात आणि निरोपाच्या व्हिडिओ कॉलवर सगळे नुसतेच हात हलवत बसले. म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याआधी टीम 'जवळ आणायचे' प्रयत्न झाले नव्हते असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता सक्तीचा खेळ, कॅमेरा चालू ठेवायचा हुकूम, सोमवारी "वीकेंड कसा गेला?" आणि त्यावर ओळीने सगळ्यांचं "मस्त". शुक्रवारी 6 वाजता हिंजवडीच्या आयटी पार्कातल्या माणसाला फक्त घर गाठायचं असतं, हे न कळणाऱ्यांनी 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'च्या स्लाइड्स मात्र देखण्या केल्या होत्या.

तुम्ही वेगळी मीटिंग लावलीच नाहीत. सोमवारच्या पाऊण तासातली पहिली 5 मिनिटं घेतलीत आणि ती अजेंड्यावर लिहिलीत, त्यामुळे कुणी ती फुकटची समजून उशिरा येईना. प्रश्न चटकन उत्तर सुचेल असा: आज डब्यात काय, खिडकीतून काय दिसतंय. पहिलं उत्तर तुमचं, दोन वाक्यांत. लांबण लावणाऱ्यांना तिथेच माप कळायचं. बोलायचा क्रम आधीच चॅटमध्ये, म्हणून "तू बोल, नाही तू बोल" संपलं. 'पास' म्हणायची मुभा, कारण न विचारता. 8 पेक्षा जास्त जण असले की तिघातिघांच्या ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच कॉलमधले छोटे वेगळे गट. दोघं अवघडतात, चौघांत एक जण दडून बसतो. बाणेरच्या ऑफिसात एकत्र बसलेल्यांनाही आपापला लॅपटॉप उघडायला लावलात, म्हणजे घरून कॉलवर आलेल्यांना सगळे चेहरे सारखेच दिसतात. माइक आणि स्पीकर मात्र एकाचाच चालू, नाहीतर आवाज घुमून शिट्टी वाजते.

पण खरे आभार एका बारक्या गोष्टीचे. रोजचा 15 मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे प्रत्येकाने आपलं काम आणि अडचण थोडक्यात सांगायचा कॉल. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, राउटर बंद पडतो, बोलणारा मध्येच गायब. हॉटस्पॉट लावून तो परत येईपर्यंत तिघांचं बोलून झालेलं असतं. पुन्हा सुरुवात करायला संकोच वाटतो, तो गप्प बसतो आणि त्याची अडचण दुसऱ्या दिवशी कळते. तुम्ही ते तुटलेलं वाक्य लिहून ठेवायचात. चालू बोलणाऱ्याचं संपू द्यायचात आणि म्हणायचात, "'बिल्ड फेल होतंय कारण' इथवर ऐकू आलं होतं. पुढे?" ना "नंतर ऑफलाइन बोलू", ना "तुझं नेट नेहमीचंच".

एवढ्या सौजन्याला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही. समोरचा काय सांगत होता ते लक्षात ठेवावं लागतं. असं करणारे थोडे, आणि मोठ्या पदांवर तर त्याहून थोडे.

वाक्यं टिपायचं काम आता आम्ही पाळीपाळीने करतो. ज्याची पाळी, त्याने आपलं अपडेट सगळ्यात शेवटी द्यायचं. नाहीतर स्वतःच्या बोलण्याची जुळवाजुळव करताना दुसऱ्याचं वाक्य निसटतं.

तुमची जुनी टीम,
पुणे