संपावरच्या गाण्यांविषयी आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर बाबांना अर्धेच ऐकू गेले असते आणि उरलेले अर्धे आईने आपल्या पद्धतीने सांगितले असते, म्हणून लिहीत आहे. मी नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूरही झाला आहे, तेव्हा दादाला मध्ये घालून आता उपयोग नाही. संपावरच्या गाण्यांचा अल्बम सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत जाऊन पुरा होत नाही, हे बराच काळ करून पाहिल्यावरच हे ठरवले. घरभाड्याची तजवीज आहे, आरोग्य विमा घेतला आहे, दुपारचा डबा वेळेवर येतो, आणि तुम्हाला दरमहा येणारी रक्कम तेवढीच व त्याच तारखेला येईल. तुम्ही औषधांत काटकसर सुरू केल्याचे कळले, तर मी सामान घेऊन गावी येऊन राहीन.

बाबा, तुमचे पहिले म्हणणे मला माहीत आहे: हे पुन्हा कशाला उकरायचे? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप रीतसर कोणीच मागे घेतला नाही, आणि आपल्या घरात त्याच्याविषयीचे बोलणे कधी नीट सुरूही झाले नाही. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत बरोबर होते की चुकले, याचा निवाडा मी गाण्यांत देत नाही. तुम्ही आणि काका इतकी वर्षे त्यावर भांडून थकला नाहीत, तिथे मी कोण? मला त्या काळातले जगणे सांगायचे आहे, आणि नंतर जमिनींचे काय झाले तेही. एक आख्खा पोवाडा मुंबईच्या तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमावर आहे. १९९१ मध्ये गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि तिसरा मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. असला मजकूर चालीत कसा बसणार, अशी आमच्या गिटारवाल्याला शंका होती. पण पोवाडा असतोच मुळी तारखा आणि तपशील सांगायला. शाहीर हकीकत सांगून थांबतो, मागे साथ करणारे झीलकरी सूर ओढून धरतात, आणि तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याच्या डोक्यात आकडा बसतो.

एका कंपनीने अल्बम घ्यायची तयारी दाखवली होती, मात्र हाच पोवाडा वगळून आणि सगळे हक्क त्यांच्या नावे करून. मी नाही म्हटले. आता अल्बम मी स्वतःच काढणार आहे. यात धाडस वगैरे काही नाही. पोवाड्यातले सारे नियमावलीत आणि निकालपत्रात छापलेले आहे, शिवाय एका वकील मैत्रिणीने ओळ न् ओळ तपासली आहे, तेव्हा पोलीस दारात येतील ही धास्ती सोडा. अण्णाभाऊ साठ्यांची तुमची आवडती छक्कड मात्र यात नसेल. ते १९६९ मध्ये गेले आणि लेखकामागे साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत परवानगी हवी. ती पुढच्या वेळी रीतसर मागेन.

साच्याचा, म्हणजे मागाचा, आवाज इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये घेतला. एकच साचा चालू असला तर ठेका स्वच्छ लागतो. ओळीने सगळे सुरू झाले की प्रत्येकाची गती जराशी वेगळी असल्याने ठेके एकमेकांवरून घसरतात आणि नुसता गोंगाट उरतो. मायक्रोफोनची पातळी पार खाली आणूनही पहिले रेकॉर्डिंग फाटले. कान झाकूनही मला तिथे फार वेळ उभे राहवेना, आणि तुम्ही पाळीच्या पाळी कानांत कापूस कोंबून काढल्यात. अखेर एकट्या साच्याचा ठोका ठेवला आणि त्यावर डफ घेतला. पावसाळी हवेत कातडे सैल पडून डफ बसका वाजू लागे, म्हणून दर वेळी आधी तो दिव्यापाशी धरून तापवावा लागला. लहानपणी मला झोपवताना तुम्ही पाठीवर थोपटायचात, ती चाल याच ठोक्याची होती, फक्त पुष्कळ संथ.

आता रागावू नका. चिपळूणच्या डॉक्टरांनी काढलेला तुमच्या कानांचा आलेख मी आमच्या ध्वनिमुद्रकाला दाखवला. चार हजार हर्ट्झच्या आसपास तो खाली कोसळतो; गोंगाटात काम केलेल्यांचा बहुधा तिथेच कोसळतो. डफाचा घुमारा तुम्हाला पोचेल, झांजेची किणकिण जवळजवळ नाहीच, आणि शब्दांतले स, श यांसारखे वर्ण गळून पडतील. दिवाळीत गाणी ऐकून तुम्ही 'छान' म्हणालात, ते आईच्या चेहऱ्याकडे पाहून, हे मला दिसले होते. नुसते वरचे सूर वाढवून भागत नाही, कारण एका मर्यादेनंतर ते कानाला टोचतात. म्हणून तुमच्यासाठी वेगळे मिक्सिंग करत आहोत: झांज नाही, वाद्ये मागे, माझा आवाज पुढे. बाकीच्यांना मिळायचे ते मिळेलच. मला हा पोवाडा तुम्हाला शब्दांसकट ऐकवायचा आहे. नोकरी सोडण्याचे खरे कारण विचाराल तर हेच, वरची सारी त्यानंतरची.

यासाठी श्रवणयंत्र रोज लावावे लागेल. ते कपाटात जपून ठेवायला घेतलेले नाही. सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा आवाजही नकोसा होईल, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. आधी घरात शांत वेळी थोडा वेळ लावा, मग वाढवा. रात्री काढून कोरड्या डबीत ठेवा.

आई, खानावळीच्या गाण्यात तुझे नाव नाही, आपली चाळ नाही, गहाण टाकलेल्या पाटल्याही नाहीत. उधारीची वही आहे, आणि संपकाळात पैसे नसतानाही पंगतीला बसवलेली माणसे आहेत. अशी वही गिरणगावात घरोघरी होती, त्यामुळे कोणी बोट दाखवणार नाही. तरीही सोबतचा कागद चष्मा लावून स्वतः वाच, दादाकडून वाचून घेऊ नकोस. खटकेल त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मार आणि कागद या महिनाअखेरीपर्यंत परत पाठव. ती ओळ मी काढेन, कारण विचारणार नाही. १८ जानेवारीला अल्बम बाहेर पडेल. त्यासाठी रात्रीच्या एसटीने मुंबईला यायचे नाही, मीच गावी येईन. रक्तदाबाची गोळी दोघांनीही चुकवायची नाही.

तुमची,
बेबी