नवी खाती नकोत, आहेत ती दुरुस्त करा

मा. संपादक,

जानेवारी उजाडला की बीड जिल्ह्यातल्या गावांत कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून होणाऱ्या महिला आर्थिक साक्षरता शिबिरांची घाई सुरू होते. फ्लेक्स लागतो, कापडी पिशव्या वाटल्या जातात, हजेरीपटावर सह्या-अंगठे होतात, एक सामूहिक फोटो निघतो. नेमक्या त्याच महिन्यांत धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या कितीतरी बायका कोयता घेऊन उसाच्या फडात असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेल्या त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. गावात उरतात म्हाताऱ्या आणि शाळकरी पोरं. लाभार्थींच्या यादीत नावं येतात ती यांचीच.

‘मार्चच्या आत निधी संपवायचा होता’ हे कारण पटण्यासारखं नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, संचालक मंडळाने प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केलेला असेल तर त्यातला शिल्लक निधी आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येतो. म्हणजे काम जूनमध्ये सुरू करायला कायद्याची आडकाठी नाही. अडतं ते एवढंच की प्रस्ताव पहिल्यापासून तसा लिहावा लागतो.

शिबिरात होतं काय? बहुतेक वेळा नवी खाती उघडली जातात, कारण खात्यांचा आकडा अहवालात उठून दिसतो. २०१४ च्या जनधन योजनेनंतर या बायकांकडे खातं नाही असं क्वचितच आढळतं. उलट जनधनचं एक, बचत गटाच्या निमित्ताने जिल्हा बँकेतलं एक, पोस्टातलं एक, अशी दोन-तीन निघतात. त्यात आणखी एकाची भर पडली की खरा गोंधळ होतो. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांचा पैसा आधारवर येतो, आणि आधार एका वेळी एकाच बँकेकडे वळवलेलं असतं: ज्या बँकेने एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे इकडून तिकडे वळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ते शेवटचं चढवलं तिच्याकडे. नवं खातं उघडताना संमतीच्या रकान्यावर न वाचता अंगठा दिला की पुढचा हप्ता तिकडे जातो. बाई जुनं पासबुक घेऊन शाखेत खेटे घालते, ‘पैसे आलेच नाहीत’ असं ऐकून परत येते. पैसे आलेले असतात, पण ज्या खात्याचं पासबुक तिला कधी मिळालंच नाही त्यात. ‘आधार लिंक आहे’ हे कारकुनाचं उत्तरही अर्धवट असतं. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआयकडे ते चढणं वेगळं. दुसरी नोंद ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपी टाकून दोन मिनिटांत दिसते, पण तो ओटीपी जातो चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमवर किंवा पुण्याला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर.

म्हणून सुरुवात मोबाइल क्रमांकापासून करावी. आधी आधार केंद्रावर, मग बँकेत. त्यानंतर नाव. आधारवर ‘सुनीता बाळू’, पासबुकात ‘सुनिता बाळासाहेब’, मतदार कार्डावर माहेरचं आडनाव; एवढ्यावर केवायसी अडते आणि विम्याचा दावा तर हमखास अडतो. मग वारसाची नोंद. दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं खातं केवायसी देऊन पुन्हा सुरू होतं आणि त्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, हेही शाखेत ठामपणे सांगावं लागतं.

विम्याचं तर कुणी बघतच नाही. प्रधानमंत्री सुरक्षा या अपघात विम्याचे २० रुपये आणि जीवनज्योती या आयुर्विम्याचे ४३६ रुपये मेअखेरीस खात्यातून वळते होतात. त्या वेळी शिल्लक नसेल तर विमा संपला. दोन खात्यांतून दोनदा कापले गेले तरी भरपाई मिळते एकदाच, दोन लाख; दुसरा हप्ता वाया. जनधन खात्यावरच्या रुपे एटीएम कार्डाचा अपघात विमा कार्ड अपघाताआधीच्या ९० दिवसांत वापरलं असेल तरच लागू होतो. कार्ड मात्र पाकिटासकट ट्रंकेत असतं.

बँक मित्राकडचं, म्हणजे गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्याकडचं, अंगठ्याचं यंत्र हा वेगळाच त्रास. उसाच्या पाल्याने बोटं झिजतात, थंब लागत नाही. ‘आला नाही, परत ठेवा’ म्हणत दोनदा थंब घेऊन एकदाच पैसे देणारेही आहेत. दर वेळी छापील पावती मागायची, दहाही बोटं करून बघायची, महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यायचं, हे शिबिरात यंत्र समोर ठेवून शिकवावं. पैसे कटले पण हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा क्रमांक १४४४८.

हे काम भाषणाने होत नाही. एका कार्यकर्तीकडून दिवसाला आठ-दहा जणींचीच कागदपत्रं नीट तपासून होतात. चाळीस जणींच्या गावाला दोघी कार्यकर्त्या, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि वर्षात किमान तीन फेऱ्या धराव्यात: पहिली जूनमध्ये, दुसरी ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, तिसरी एप्रिल-मेमध्ये, विम्याचे पैसे खात्यात आहेत का ते बघायला. उमेद आणि माविम या सरकारी बचत गट यंत्रणांच्या सीआरपी ताया (गावातल्याच कार्यकर्त्या), बँक सखी हे काम आजही फुकटात करतात. निधीतला मोठा वाटा त्यांच्या मानधनाला जावा, मंडप-जेवणाला नव्हे.

बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कंपनीचा नेहमीचा धंदा सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतो. तरीही साक्षरतेच्या शिबिराच्या दारात स्वतःच्याच कर्जाचे फॉर्म भरून घेणारं टेबल दिसतं. कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, हा सूक्ष्म कर्जाचा २०२२ पासूनचा नियम त्या टेबलावर सांगितला जात नाही.

कायद्याने प्रभाव मूल्यमापन, म्हणजे कामाचा खरा परिणाम तपासणं, सक्तीचं आहे ते सरासरी दहा कोटी किंवा अधिक सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांच्या एक कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांनाच, तेही प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर. गावपातळीवरची बरीच शिबिरं त्यातून सुटतात. म्हणून संचालक मंडळांनी ‘लाभार्थी किती’ हा रकाना काढून टाकावा आणि वर्षानंतर तीनच गोष्टी विचाराव्यात: किती जणींचं आधार त्यांनी स्वतः निवडलेल्या खात्याकडे आहे, किती खात्यांना त्यांचा स्वतःचा चालू मोबाइल जोडला आहे, आणि जूनमध्ये किती जणींचा विमा जिवंत होता.

– बचत गटांच्या हिशेबाचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्या, जि. बीड