एमए सोडण्याचं प्रतिज्ञापत्र मी देणार नाही

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमची, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्राची, तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. दूरशिक्षणातून मी अर्थशास्त्रात एमएही करते आहे. परवा कॉलेजच्या ऑफिसने माझ्या हातात एक मसुदा ठेवला. एमए 'स्वखुशीने' सोडत असल्याचं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या, नाहीतर एमडीच्या परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. खुशी माझी, टायपिंग त्यांचं.

कुठला नियम, असं विचारलं. क्लार्क म्हणाले, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, विद्यापीठाला विचारा. विद्यापीठात माझ्या अर्जावर कोणीतरी हिरव्या शाईने 'चर्चा करावी' असा शेरा मारलाय. कोणी, कोणाशी, कधी, ते काही लिहिलेलं नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या एप्रिलमध्ये वाजतगाजत जाहीर केलं की एका वेळी दोन पदव्या घेता येतील. एक वर्गात बसून, दुसरी दूरशिक्षणाने. आम्ही भोळे, खरं मानलं. त्याच सूचनांत पुढे म्हटलंय की संबंधित व्यावसायिक परिषदांचे नियमही लागू राहतील. आणि आमच्याकडे नियम असा की पीजीचा विद्यार्थी पूर्णवेळ निवासी. पूर्णवेळ म्हणजे किती वेळ? केंद्राचं 1992 चं परिपत्रक आठवड्याला 48 तास सांगतं. माझ्या मेडिसिनच्या रूममेटचे 48 तास बुधवारी दुपारीच संपतात. त्यावर मात्र कुणी स्टॅम्प पेपर मागत नाही.

डॉक्टरला अर्थशास्त्र कशाला, हा प्रश्न मला तीन मजल्यांवर विचारला गेला. डीआरपीचे, म्हणजे जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, तीन महिने मी ग्रामीण रुग्णालयात होते. बाळंतीण रेफर केली की गाडी फुकट, तपासण्या फुकट, औषधं फुकट. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. तरी तिचा नवरा बाहेर फोनवर कोणाकडे तरी उसने पैसे मागत उभा असतो. हा खर्च नेमका कुठून उगवतो, हे आमच्या पुस्तकात नाही. देशाच्या 2021-22 च्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले, हा तुमच्याच सरकारी हिशोबाचा आकडा. तो वाचायला शिकते आहे, एवढाच माझा गुन्हा.

अमेरिकेत म्हणे ऐंशीहून जास्त मेडिकल कॉलेजांत एमडीबरोबरच एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करता येतं. लांबचं राहू द्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी इथलं वैद्यकीय शिक्षण झाल्यावर जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केलं, मग गडचिरोली गाठलं. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि आज देशभरातल्या आशाताई ते काम करतात. तुम्ही म्हणाल, त्यांनी एकापाठोपाठ एक केलं, तूही कर. करते की! आधी एमडी, मग बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष, नाही केलं तर पन्नास लाख भरा. तोवर माझी एमएची नोंदणी बाद आणि पहिल्या वर्षाचे मार्क, जे बरे पडलेत, पाण्यात.

मी रात्री हॉस्टेलवर वाचते. तिघींच्या खोलीत टेबल एक, पावसाळ्यात भिंतीला ओल, दोन महिन्यांचं विद्यावेतन थकलेलं. एमएची फी मी बहिणीकडून घेतली. या वाचनाने एकही लसीकरण सत्र चुकलेलं नाही, लॉगबुक तपासून घ्या. उलट रविवारी पुढाऱ्यांच्या आरोग्य शिबिरात खुर्च्या भरायला आणि बॅनरखाली फोटोला उभं राहायला आम्हालाच नेतात. पोर्टलवर आकडे भरायचे आम्ही, रजिस्टरला रेघा मारायच्या आम्ही. तेव्हा पूर्णवेळ शिक्षणात खंड पडत नाही.

नवं शैक्षणिक धोरण 2020 बहुशाखीय, बहुशाखीय म्हणून थकत नाही. आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं वचन दिलं होतं. धोरणं लिहिणाऱ्यांना कोणी स्टॅम्प पेपर मागतं का हो? पाळलं नाही तर फॉर्म अडवतं का?

माझी मागणी एका ओळीची आहे. निवासी डॉक्टरला ड्यूटी सांभाळून दूरशिक्षणाची पदवी घेता येते की नाही, हे लेखी कळवा. येत नसेल तर कलम लिहा. परीक्षेचा फॉर्म मी आज स्पीड पोस्टाने पाठवला आहे, प्रतिज्ञापत्राशिवाय. तो नाकारायचा असेल तर तेही लेखीच नाकारा, म्हणजे कोर्टात जोडता येईल.

कळावे,
एक निवासी डॉक्टर