पार्लरमधला धूर कुणी मोजायचा?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत लग्नसराईच्या निमित्ताने केसांवर पानभर लेख आला होता, स्मूदनिंग की केराटिन (पार्लरमध्ये क्रीम लावून केस सरळ करायचे दोन प्रकार), कुणाला काय सूट होईल, लग्नाच्या किती दिवस आधी करायचं, नंतर तीन दिवस केस धुवायचे नाहीत, कानामागे अडकवायचे नाहीत. सगळं बरोबर लिहिलंय, मी स्वतः बारा वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आले. फक्त ते लावणारीचं काय होतं हे त्यात कुठंच नव्हतं, म्हणलं आपणच लिहावं.

माझं सांगलीत छोटं पार्लर आहे, दहा बाय बाराचा गाळा. केराटिन करताना काय होतं ते सांगते. केस धुवायचे, क्रीम लावून ठेवायचं, ड्रायरने वाळवायचं आणि मग 230 डिग्रीवर तापलेलं, केसांना इस्त्री करायचं मशीन एकेका बटेवरून सात-आठ वेळा फिरवायचं. मशीन टेकलं की चर्र आवाज येतो आणि पांढरा धूर निघतो. एसी चालू असतो म्हणून दार बंद. गिऱ्हाइकाच्या हातात आपण ओला नॅपकिन देतो, ताई नाकाला लावून बसा म्हणतो, आणि आपण काय करायचं, आपले दोन्ही हात कामात, तोंडाला ओढणी बांधायची आणि डोळ्यातून पाणी गळत असलं तरी बट सोडायची नाही. लांब केस असले तर चार-साडेचार तास. गिऱ्हाईक वर्षातून एकदा-दोनदा येतं हो, लग्नाच्या सीझनमध्ये मी आठवड्यात तीन-चार करायचे, वर्षानुवर्षं.

वास ओळखीचा वाटायचा पण कुठला ते आठवायचं नाही, मग एकदा अचानक लक्षात आलं, बारावीला बायोलॉजीच्या लॅबमध्ये बरणीत बेडूक ठेवलेला असायचा, तोच वास. फॉर्मलिन! म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर करतं याबद्दल शंका नाही असा गट. डीलरला विचारलं तर तो म्हणाला मॅडम बाटली बघा ना, फॉर्मल्डिहाइड फ्री लिहिलंय. आता हे फ्रीचं पण बघा, अमेरिकेत ऑरेगन राज्यात 2010 साली असंच फ्री लिहिलेलं सामान सरकारी खात्याने तपासलं, तर त्यात सरासरी 8 टक्क्यांच्या वर निघालं. बाटलीवर मिथिलीन ग्लायकॉल असं नाव टाकलं की झालं, तापवल्यावर निघतं तेच. काही क्रीममध्ये त्याच्याऐवजी ग्लायॉक्झिलिक ॲसिड असतं, त्याचं वेगळंच. ट्युनिशियातल्या एका सलूनमध्ये केस सरळ करून घेणाऱ्या 26 वर्षांच्या मुलीची किडनी 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वेळा बिघडली, प्रत्येक वेळी केस केले त्याच वेळी, आणि हे 2024 मध्ये मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांना लावून बघितलं तर त्यांच्याही किडन्या खराब झाल्या. मी काय डॉक्टर नाही, पण बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

हे सगळं शोधायला लागले ते माझ्या खोकल्यामुळे. सीझन संपला की खोकला जायचा, सीझन आला की परत. रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसायचे आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या काळ्या बायकांपर्यंत पोचले. त्यांच्याकडे आपलं स्मूदनिंग नसतं, रिलॅक्सर नावाचं क्रीम असतं. आपल्या स्मूदनिंगच्या क्रीममध्ये थायो नावाचं केमिकल असतं, ते अमोनियाचा वास मारणारं, त्यांच्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे आपण तुंबलेल्या मोरीत टाकतो तोच, किंवा त्याचा भाऊबंद. काम दोन्हीचं एकच, केसाला वळण देणारे आतले बंध तोडायचे. फक्त त्यांचं एकदा तुटलं की परत जुळतच नाही. डोक्याला आधी व्हॅसलिन थापून घ्यायचं तरी भाजतं, खपल्या धरतात, आणि हे लहानपणापासून दर दीड-दोन महिन्यांनी, का तर नवीन केस मुळातून कुरळेच येणार. तिथे काळ्या-गोऱ्या सगळ्या मिळून 33,497 बायकांना जवळजवळ अकरा वर्षं फॉलो करून केलेला अभ्यास ऑक्टोबर 2022 मध्ये आला. कधीच केस सरळ न केलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केलेल्यांमध्ये 4.05 टक्के. केमिकलमुळेच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, कुठलं प्रॉडक्ट वापरलं तेही त्यांनी विचारलेलं नव्हतं, पण मला झोप लागली नाही एवढं खरं.

त्या बायकांचं दुखणं आपल्यापेक्षा फार जुनं आणि खोल आहे, गुलामगिरीपासूनचं, मी उगाच बरोबरी करत नाही. केस जसे उगवतात तसे ठेवले म्हणून शाळेतून घरी पाठवतात, नोकरी नाकारतात, शेवटी 2019 मध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करायला लागला की केसांवरून भेदभाव करता येणार नाही. आणि गंमत बघा, आपल्याकडे दारावर बाया यायच्या ना, गुंतवळ घेऊन सुया-पिना नाहीतर भांडी द्यायच्या, आपल्याच देशातले केस विग बनून तिकडे जातात, का तर सरळ असतात म्हणून! आणि इकडे आपण म्हणतो आपले सरळ नाहीत.

माझे स्वतःचे जन्मापासून कुरळे. शाळेत दोन घट्ट वेण्या, खोबरेल थापलेलं, तरी दुपारपर्यंत कपाळावर सगळं सुटलेलं, बाई म्हणायच्या झिपरे, घरी कुणी विंचरत नाही का. पार्लर टाकल्यावर तर सरळ करावेच लागले, ब्युटीशियनचेच केस पिंजारलेले तर तिच्याकडे येणार कोण. बारा वर्षं मी माझ्याच दुकानाची जाहिरात डोक्यावर घेऊन फिरले.

मग बंद केलं, माझं पण आणि दुकानातलं पण. सोपं नाही ते. केस महिन्याला अर्धा इंच वाढतो, म्हणजे सहा महिन्यांनी माझ्या डोक्यावर तीन इंच कुरळे आणि खाली खराट्याच्या काड्या. जिथे जोड असतो तिथेच तुटतो केस, कंगवा घातला की तुकडे. आमच्या धंद्यात याला ट्रान्झिशन म्हणतात आणि दोन वर्षं काढावी लागतात. मला नाही जमलं. एका मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, आरशासमोर बसले आणि असिस्टंट मुलीला म्हणलं काप सगळं सरळ. ती घाबरली, म्हणाली ताई परत विचार करा. मानेवर कात्रीचं थंड पातं टेकलं तेव्हा मलाही वाटलं थांबावं. थांबले नाही. खाली पडलेले केस झाडून घेतले तर सुपलीत नुसते उभे राहिले होते, वळणच नाही कुठे.

घरी गेले तर सासूबाई दारातच, "अगं काय हे, घरात कुणी गेलंय का?" आठ दिवस त्यांनी मला देवाला फूल वाहू दिलं नाही. आता त्या स्वतःच बाकीच्या बायकांना सांगतात, हिचे केस बघा, हळद-कुंकवाला कुणी विचारलं तर पत्ता पण देतात. मी वापरते तरी काय, जवस उकळून गाळलेली जेल, ओल्या केसात मोठ्या दातांचा कंगवा आणि जुना सुती टी-शर्ट पुसायला. पन्नास रुपयांत महिना.

धंद्याचं मात्र खोटं बोलणार नाही. कमाईतला अर्धा हिस्सा स्मूदनिंग-केराटिनचा होता, एका डोक्याचे साडेतीन ते सहा हजार, ते गेले. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पुढच्या गल्लीतलं पार्लर धरलं, मी अडवलं नाही, ज्याचं डोकं त्याचा निर्णय. आता कुरळ्या केसांचा कट करते, 400 रुपये, केस कोरडेच ठेवून एकेक वळण बघून कापावं लागतं, ते क्लासला कुणी शिकवत नाही. हप्ते ओढाताण करून भरते. खोकला गेलाय.

ज्या दिवशी नाही म्हणायला सुरुवात केली तो प्रसंग सांगायचा राहिला. एक आई अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन आली, गॅदरिंगमध्ये हिला पुढच्या रांगेत घेत नाहीत, केस सरळ करून द्या. पोरगी खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी मशीनचं बटण दाबलं आणि परत बंद केलं. पैसे परत केले, आई जाम चिडली, मी त्या पोरीच्या दोन फ्रेंच वेण्या घालून दिल्या, फुकट.

तर संपादक साहेब, एवढंच मागणं आहे, पुढच्या सीझनला असा लेख छापाल तेव्हा क्रीममध्ये काय असतं ते मराठीत छापा, बाटलीवर ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतं. लहान मुलांना, गरोदर बाईला नको हे ठळक छापा. आणि एखादा बातमीदार माझ्यासारख्या गाळ्यात चार तास उभा करा, मशीन चालू असताना, दार लावून. मंगळवारी दुपारी बऱ्याच पार्लरला जागा असते.

आपली,
एक ब्युटीशियन, सांगली