वज्री, ट्रंक आणि बडोदं

ती. आई-बाबांना,
सा. न.

समोरासमोर बोलायला बसलं की बाबांचा आवाज चढतो आणि माझा रडवेला होतो. म्हणून हे लिहून फ्रिजवर ठेवते आणि बँकेत जाते. संध्याकाळी बोलू.

बडोद्याला प्रवेश मिळालाय. म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, दोन वर्षांचं एम. ए. बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "कुलपं लावायला आणि तिकिटं फाडायला एम. ए. लागतं?" मी ताटावरून उठले, ते चुकलंच. उत्तर द्यायला हवं होतं.

गेलं वर्षभर रविवारी मी "मैत्रिणीकडे" जात होते ना, ती एका छोट्या खासगी संग्रहालयात जात होते. नोंदी करायला. हातमोजे घालून वस्तू उचलायची, मोजायची, वजन करायचं, फोटो काढायचा, क्रमांक घालायचा आणि कुणाकडून, कशी आली ते वहीत लिहायचं. दिवसभरात आठ-दहा झाल्या तरी खूप. मार्चमध्ये एक पितळी मोर हातात आला, मुठीत मावेल एवढा. जुन्या वहीत दोनच शब्द होते: "शोभेचा मोर." मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. आई, मी तुला फोटो पाठवला, आठवतंय? तू पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, "अगं, उलटा करून बघ. खाली खरबरीत असेल. वज्री आहे ती, टाचा घासायची. माझ्या आजीकडे होती, वाईला." उलटा केला. तळ खरबरीतच होता, खाचाखाचांचा.

आता वहीत "वज्री" आहे. तुझा फोन आला नसता तर आणखी शंभर वर्षं तो मोर शोभेचाच राहिला असता. बाबा, तिकिटं फाडण्यापलीकडचं काम ते हे. लाजिरवाणी गोष्ट अशी की केळकर संग्रहालयात वज्र्या मांडलेल्या आहेत, आणि तुम्हीच मला तिसरीत असताना तिथे नेलं होतंत. मी अडकित्त्यांपुढे उभी राहिले ती हललेच नाही.

दिनकर केळकरांचं नाव घेते, कारण तुम्हाला ते आवडतात. चष्म्याच्या धंद्यातला माणूस, मुलगा राजा लहानपणी गेला, आणि त्याच्या नावाने वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह उभा राहिला. त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या असतात. बाकीच्या कपाटांत. कसर, वाळवी, पावसाळ्यातली ओल यांपासून त्या कुणीतरी रोज राखायच्या असतात. आपल्या हॉलमधला आजीच्या पैठणीचा तुकडा आपण खिडकीसमोर फ्रेम करून लावला आणि पाच वर्षांत विटवला. कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नको असतो, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? आणि आई, पितळी समई दर शुक्रवारी पितांबरीने घासतेस, तेव्हा दर वेळी थोडं पितळही जातं. देवापुढे ते ठीक आहे, तिथे मी बोलणार नाही.

नोकऱ्या कमी आहेत, हे खरं. सरकारी भरती निघायला वर्षं लागतात, खासगीत पगार बँकेच्या निम्मा. दोन वर्षांपुरते पैसे साठवलेत, तुमच्या एफडीला हात लावणार नाही. बडोदं परकं म्हणाल तर तिथलं संग्रहालय सयाजीरावांनी उभारलं, आणि विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५२ पासून आहे. पुण्याहून रात्री गाडीत बसलं की पहाटे बडोदं. बाबांच्या बीपीच्या तपासणीला मी येईनच.

एक काम मात्र आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला द्यायची नाही. झाकणाच्या कडेला अजून गाळ आहे, मी काल नखाने खरवडून पाहिला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी नारायण पेठेत शिरलं, तेव्हा ती कुणी उचलली, आत काय होतं, गच्चीवर कोण कोण होतं, एवढं कागदावर लिहून ठेवा ना बाबा. तुम्ही आठ वर्षांचे होतात. गाळ पुसू नका. ट्रंकेला माझ्याकडचा क्रमांक एक.

डब्यात मी भाजी कमी घेतलीय, उरलेली रात्री खाऊ.

तुमची
छकुली