मॉरिशसने सक्तीविना साधलेला बदल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतील लोकसंख्यावाढीची चर्चा निघाली की आपल्याकडे सगळा खंड एकाच मापाने मोजला जातो आणि पाठोपाठ सक्तीच्या कायद्याचा विषय येतो. मॉरिशसचा अनुभव या दोन्ही सवयींच्या विरुद्ध साक्ष देतो, म्हणून हे पत्र.

सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या या देशात १९४० च्या दशकाच्या अखेरीस हिवतापाविरुद्ध डीडीटी फवारणीची मोठी मोहीम झाली आणि काही वर्षांतच मृत्युदर जवळपास निम्म्यावर आला. जन्मदर मात्र हजारी चाळीसच्या वरच राहिला. परिणामी जन्म आणि मृत्यू यांतील तफावत, म्हणजेच नैसर्गिक वाढ, १९५० च्या दशकात वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास पोहोचली. केवळ उसावर जगणाऱ्या बेटाला एवढा भार पेलणार नाही, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात दिला. समाजधोरणाचे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांच्या अभ्यासगटानेही त्याच सुमारास हीच चिंता मांडली होती. त्या काळाचे आकडे पाहता ती रास्त होती.

पुढे जे घडले त्याची दखल मात्र आपण फारशी घेत नाही. कुटुंब नियोजन संघटना १९५७ मध्येच स्थापन झाली होती. कृत्रिम साधने अमान्य असलेल्या कॅथलिकांसाठी १९६३ पासून ‘आक्सियाँ फामिलियाल’ ही संस्था नैसर्गिक पद्धती शिकवू लागली, आणि सरकारने वाद वाढवण्याऐवजी दोन्ही संस्थांना अनुदान दिले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या, लग्नाचे वय वाढत होते, जन्मलेली मुले जगतील अशी खात्री वाटू लागली होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास असलेला जननदर दहा-बारा वर्षांत साडेतीनपर्यंत उतरला. हे सर्व देशाला पुढे समृद्धी देणाऱ्या कापड कारखान्यांची भरभराट होण्याच्या आधी घडले, त्यामुळे ‘आधी श्रीमंती, मग लहान कुटुंब’ हा क्रम अटळ मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांनीही हा बदल स्वतःच्या घरांत अनुभवला आहे.

जननदर घटला तरी लोकसंख्या लगेच थांबली नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढीतील मुली आता माता होत होत्या. पण शतक संपताना ती बारा लाखांच्या आसपासच राहिली. आज जननदर दीडच्याही खाली आहे, वर्षाकाठी जन्मांचा आकडा १९६० च्या दशकातील पंचवीस हजारांहून निम्म्यावर आला आहे, आणि अलीकडे मृत्यूंची संख्या जन्मांना गाठू लागली आहे. परिणामी निवृत्तिवेतनाचे वय साठवरून पासष्टपर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये तेथील सरकारला घ्यावा लागला आणि त्याला लोकांनी तीव्र विरोधही केला.

महाराष्ट्राचा जननदरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ नोंदला गेला आहे. तेव्हा लोकसंख्येचे आकडे छापताना आपण नैसर्गिक वाढ, स्थलांतर आणि जननदर हे तिन्ही स्वतंत्रपणे द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी