भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांचे मनःपूर्वक आभार

आमच्या मुलाला म्युकोपॉलिसॅकरिडोसिस हा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात विघटन न झालेली द्रव्ये जीभ, टॉन्सिल आणि स्वरयंत्राभोवती साचत जातात, त्यामुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे वयागणिक अधिकच अवघड होते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत ज्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवून, मान जराही न वाकवता, लवचिक दुर्बिणीने नाकावाटे नळी बसवली, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. गळ्याला छेद देण्याची वेळ आलीच तर, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ सुरुवातीपासून शेजारी सज्ज होते, याचे मोल फार मोठे आहे. नळी काढल्यावर सूज येऊन श्वास कोंडू शकतो, म्हणून रात्रभर त्याच्या उशाशी जागलेल्या परिचारिकांचेही आम्ही ऋणी आहोत.